तीस वर्षांचं युद्ध आणि चार लाखांचा हप्ता

परवा एका ग्रुपवर जुंपली होती, विषय नेहमीचाच, युरोपात धर्मापायी माणसं कशी कापली गेली वगैरे, आणि एकाने ठोकून दिलं की सतराव्या शतकातलं तीस वर्षांचं युद्ध म्हणजे कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट, बास, विषय संपला. मी काय बोलणार, कॉलेजात हेच लिहून मार्क घेतलेत. पण गेले तीन महिने पीटर विल्सनचं या युद्धावरचं पुस्तक वाचतोय, २००९ चं, हजारेक पानांचं (किंमत बघून आधी आठवडाभर कार्टमध्येच पडून होतं), बायको म्हणते उशाला घे, निदान मान तरी सरळ राहील. आणि या पुस्तकाने माझं ते एका ओळीचं उत्तर पार खाऊन टाकलंय.

सुरुवात तशी फेमस आहे. २३ मे १६१८, प्राग, चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी पवित्र रोमन साम्राज्याच्या (म्हणजे मुख्यतः जर्मन मुलखाच्या) कॅथलिक सम्राटाच्या दोन कारभाऱ्यांना आणि सोबत एका सेक्रेटरीला किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकलं. तिघंही वाचले! कॅथलिक म्हणाले मदर मेरीने झेललं, समोरचे म्हणाले कसली मेरी, उकिरड्यावर पडले म्हणून वाचले. त्या सेक्रेटरीला पुढे सरदारकी मिळाली आणि नाव काय दिलं तर फॉन होहेनफाल, म्हणजे 'उंचावरून पडलेले'. दरबारात कोणीतरी सदाशिव पेठेतला असणार.

इथपर्यंत धर्माचंच भांडण वाटतं. पण पुढे पैसा कोणाचा ते बघा. फ्रान्सचा कारभार रिशल्यूच्या हातात, हा स्वतः रोमन कॅथलिक चर्चचा कार्डिनल, आणि जानेवारी १६३१ मध्ये बेरवाल्डला करार होतो की स्वीडनच्या लुथरन (म्हणजे प्रोटेस्टंटच) राजाला फ्रान्स दरवर्षी ४ लाख थालर (तेव्हाचं चांदीचं नाणं) देणार, कशासाठी तर कॅथलिक सम्राटाविरुद्ध जर्मनीत फौज उभी ठेवायला. लाल झगेवाला कार्डिनल प्रोटेस्टंट सैन्याचा पगार करतोय! उलट जर्मनीतल्या सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राट निवडणाऱ्या मोजक्या सत्ताधीशांपैकी एक) लुथरन, तो १६२० ला सम्राटाच्या बाजूने उतरला आणि बदल्यात शेजारचा लुसाशिया प्रांत पदरात पाडून घेतला. १६३५ ला तर फ्रान्स आणि स्पेन, दोघंही कॅथलिक, उघड एकमेकांच्या उरावर.

मग लगेच 'बघा, धर्म नुसतं निमित्त, सगळं राजकारणच' म्हणणारे येतात, त्यांचंही मला पटत नाही. १६२९ चा सम्राटाचा हुकूम घ्या, १५५२ नंतर प्रोटेस्टंटांनी घेतलेल्या चर्चच्या जमिनी परत करा. आता हा धर्म की इस्टेट? श्रद्धा आणि सातबारा एकाच कागदावर! आणि तो कागद इतका जिव्हारी लागला की सम्राटाशी इमान राखून असलेले लुथरनही बिथरले. दोन वर्षांनी २० मे १६३१ ला माग्देबुर्ग हे जर्मनीतलं प्रोटेस्टंट शहर सम्राटाच्या फौजेच्या हाती पडलं, शहरात साधारण २५ हजार लोक होते, त्यातले २० हजारांच्या आसपास गेले, बरेचसे आगीत. विल्सनचं म्हणणं असं की धर्मासाठी शेवटपर्यंत लढू म्हणणारे कडवे दोन्हीकडे मूठभरच होते, बाकीचे तडजोडीला तयार होते. हे वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ नुसताच बसलो.

वाचायला मजा येते का, तर खरं सांगू, नाही. अर्धे लोक फर्डिनांड, उरलेले फ्रेडरिक, एक बुकमार्क नकाशावर आणि एक मागच्या टिपांवर. सी. व्ही. वेजवुडचं याच युद्धावरचं १९३८ चं पुस्तक याहून कितीतरी छान लिहिलंय, पण ती शेवटी सगळं युद्धच निरर्थक ठरवते. तिच्या आजूबाजूला दुसरं महायुद्ध घोंघावत होतं, त्यामुळे मी समजू शकतो, पण ४ लाख थालर मोजणाऱ्याला ते निरर्थक वाटत नव्हतं ना.

आता जेफ्री पार्करचं घेतलंय, सतरावं शतक, थंडी, दुष्काळ, जगभरची बंडं. हा बाबा जरा जास्तच गोष्टी हवामानाच्या खुंटीला टांगतो. पण त्यामुळे एक झालं, माग्देबुर्ग जळत होतं तेव्हा इकडे १६३० ते ३२ चा दुष्काळ चालू होता हे कधी जोडूनच बघितलं नव्हतं. तोच दुष्काळ, ज्यात तुकोबांची बायको अन्न अन्न करत गेली. तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवल्यात पेन्सिलीने, पान तिथेच दुमडलंय.