न्यूटनचं कौतुक पुरे, हॉलमधल्या पोरांकडे बघा

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या चॅप्टरच्या, म्हणजे संस्थेच्या स्थानिक शाखेच्या, ग्रुपवर एप्रिलच्या अंकाची पीडीएफ आली आणि तेव्हापासून कामात लक्ष लागत नाहीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या शहरात हाय-आयक्यू, म्हणजे जास्त बुद्ध्यांकाच्या, लोकांची एक सोसायटी आहे, परीक्षेत वरच्या २ टक्क्यांत आलात की मेंबर होता येतं, मी स्वतः बऱ्याच वर्षांपासून आहे, महिन्यातून एक रविवार भेटतो, कोडी, बोर्ड गेम, कोणाचं तरी भाषण, मग वडापाव आणि चहा. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. मला तिची बदनामी करायची नाहीये, माझी चांगली माणसं तिथेच भेटलीत.

तर अंक. पहिली पानं बातम्यांची. कोणाच्या मुलीला जेईईला किती पर्सेंटाइल, कोण बुद्धिबळात जिल्ह्यात पहिलं आलं, क्विझ कोणी जिंकली, नवीन मेंबरांचे फोटो. छान आहे, पोरांचं कौतुक व्हायलाच हवं. शेवटच्या पानावर, २ एप्रिलला जागतिक ऑटिझम जागरूकता दिवस असतो म्हणून, एक सप्तरंगी मेंदू आणि त्याच्याभोवती गोलात फोटो, न्यूटन, आइनस्टाइन, रामानुजन. खाली लिहिलंय, हे सगळे न्यूरोडायव्हर्जंट (म्हणजे मेंदूची जडणघडण वेगळी असलेले) होते, ही कमतरता नाही, सुपरपॉवर आहे. झाली जागरूकता. ऑटिझम म्हणजे काय, एडीएचडी म्हणजे काय, आपल्या मीटला येणाऱ्या अशा मुलांना काय लागतं, एक ओळ नाही.

आणि त्याच पीडीएफच्या खाली अर्ध्या तासाने मेसेज, की रविवारच्या मीटला ज्यांची मुलं शांत बसू शकत नाहीत त्यांनी कृपया मुलांना घरी ठेवून यावं, मागच्या वेळी इतर सदस्यांना डिस्टर्ब झालं. त्याला भराभर अंगठे.

मागच्या वेळी डिस्टर्ब करणारा मुलगा माझा भाचा होता. सगळ्यांना माहितीये. नाव घेतलं नाही एवढंच.

माझ्या ताईचा मुलगा, सातवीत आहे. ऑटिझम आहे, म्हणजे लोकांशी संवाद साधायची, आवाज-उजेड जाणवायची त्याच्या मेंदूची रीत वेगळी, आणि डिसग्राफिया, म्हणजे लिहिताना हात आणि डोकं यांचा मेळ बसत नाही. तोंडाने सगळं सांगेल, वहीत चार ओळी उतरवताना घामाघूम होतो. आमची परीक्षा त्याने रीतसर दिली, पास झाला, पत्र आलं तेव्हा ते त्याने लॅमिनेट करून घेतलं. पहिल्यांदा मीटला आला तो तीन दिवस आधीपासून मला विचारत होता, मावशी, तिथे किती जण असतील, कुठे बसायचं, पहिलं काय होणार. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. तिथे गेल्यावर कार्यक्रमच बदललेला. भाषणाऐवजी आधी बझर राउंड. एक ट्यूबलाइट सतत लुकलुकत होती, माइक कुंई करत होता, आणि बझर म्हणजे तर कानात खिळा ठोकल्यासारखा. त्याने कानावर हात धरले, मग टेबलाखाली जाऊन बसला आणि मोठ्याने म्हणत राहिला, आवाज बंद करा, आवाज बंद करा.

हे मी सांगितलं की लोक उत्सुकतेने विचारतात, मग टेबलाखालून त्याने क्विझचं उत्तर दिलं का? नाही दिलं. तो रडत होता. मला ह्या गोष्टीचा शेवट गोड करून कोणालाही द्यायचा नाहीये.

आणि तेव्हा एका गृहस्थाने, जुने मेंबर, चांगले शिकलेले, ताईला विचारलं, "मॅडम, टेस्ट नक्की ह्यानेच दिली होती ना?"

ताई काही बोलली नाही. त्याला बाहेर काढलं, पायऱ्यांवर बसवलं, पाणी दिलं, रिक्षा बोलावली. मीही तिच्याबरोबर निघाले. त्यानंतर तो विचारतो की मी परत कधी जायचं, आणि ताई विषय बदलते.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाबद्दल बोलते, कारण तो अडाणी माणसाने विचारलेला नाहीये. आयक्यूवर ज्याचा एवढा जीव आहे त्याला आयक्यूची परीक्षा मुळात कशासाठी निघाली हे माहीत नसावं? १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी पहिली चाचणी बनवली ती शाळेत मागे पडणारी, जास्तीची मदत लागणारी मुलं ओळखण्यासाठी. हुशार लोकांचा क्लब काढायला नाही. मदत कोणाला लागेल हे शोधायचं साधन होतं ते, आणि आम्ही ते दारावर वॉचमन म्हणून उभं केलंय.

आणि लांब पॅरिसला कशाला जा. माझं माहेर नागपूरचं. आपल्याकडे मुलांना वर्षानुवर्षं जी मलिनची टेस्ट देतात ती नागपूरला डॉ. आर्थर मलिन यांनी इथल्या मुलांसाठी बेतलेली, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्स्लरच्या परीक्षेवरून. तिच्यात तोंडी भाग ६ आणि हाताने करायचे भाग ५. ठोकळ्यांची नक्षी जुळवा, चक्रव्यूहातून वाट काढा, आकडे ऐकून परत म्हणा, आणि एक कोडिंग, म्हणजे दिलेल्या खुणा भराभर बघून भराभर लिहायच्या. भाच्याचा रिपोर्ट मी बघितलाय. ठोकळ्यांत तो छताला, कोडिंगमध्ये जमिनीला. सरासरी काढली की मधलाच एक आकडा येतो, जो त्या मुलाचा नाहीच. एका रिपोर्टमध्ये डोंगर आणि दरी दोन्ही असतात, आणि दोन्ही खरे असतात. ज्या परीक्षेत, म्हणजे आमच्या सोसायटीच्या, फक्त आकृत्या ओळखून पर्याय निवडायचा तिथे तो वरच्या २ टक्क्यांत जातो आणि त्याच पोराला मराठीचा निबंध लिहिता येत नाही, यात शंका घेण्यासारखं काय आहे? टेस्ट त्यानेच दिली होती. टेबलाखालीही तोच होता.

शाळेत याचंच उलटं टोक. सोसायटीचं पत्र दाखवलं तर बाई म्हणाल्या, एवढा हुशार आहे ना, मग लिहीत का नाही, आळस आहे नुसता. आता लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे डिसग्राफियासारखी शिकण्यातली अडचण, ठरवताना आधी बुद्ध्यांकच तपासतात, तो ठीक असून लिहिण्या-वाचण्यात एवढी तफावत का, हाच तर तिथला मुद्दा असतो! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात ऑटिझम आहे आणि स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटीही आहे. (एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवायला आणि स्थिर बसायला अवघड जाणं, त्यात नाहीये, त्या पालकांचे हाल वेगळेच.) परीक्षेला लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो, हा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. पण हुशार मूल असलं की हक्क मागताना पालकच ओशाळतात, कारण समोरचा म्हणतो, ह्याला कशाला सवलत, हा तर जिनियस. आणि त्यात आपण पोस्टर काढणार, सुपरपॉवर! सुपरपॉवर असलेल्या मुलाला लेखनिक कोण देणार सांगा मला?

न्यूटन १७२७ साली गेला. ऑटिझमची जगाला ओळख करून देणारा, मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनरचा पेपर आला १९४३ साली. मधली दोनशे सोळा वर्षं उडी मारून आपण त्याला सर्टिफिकेट देऊन टाकलं, फॉरवर्ड आला म्हणून. ज्या क्लबमध्ये एखाद्या कोड्याच्या उत्तरावर तीन तीन दिवस वाद चालतो तिथे ह्या पोस्टरला पुरावा मागावासा कोणालाच वाटला नाही. आणि रामानुजन. त्याला काय होतं आणि काय नव्हतं हे कोणी तपासलेलं नाही, पण एक गोष्ट नक्की घडलेली आहे, कुंभकोणमच्या कॉलेजात गणित सोडून बाकी विषयांत नापास झाला म्हणून त्याची स्कॉलरशिप गेली. छापायचंच असेल तर हे छापा ना! गणितात असा मुलगा आणि त्याला ठेवून घेणारी व्यवस्था नव्हती, ही खरी बातमी आहे, शंभर वर्षांनीसुद्धा.

दुपारी मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की मेसेज मागे घ्या, ती मुलं मेंबर आहेत. त्यावर उत्तर काय यावं? "मॅडम, आपल्याकडची न्यूरोडायव्हर्जंट मुलं वेगळी, ती काही स्पेशल स्कूलवाली नाहीत, त्यांना थोडी शिस्त लावली की जमतं."

हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि पुढचा एक तास कोणाशी बोलले नाही. स्पेशल स्कूलवाली म्हणजे काय? भाच्याच्या ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून करायच्या उपचारांच्या, वेळेत एक मुलगी येते, बोलत नाही, टॅबलेटवर चित्रं दाबून सांगते, हिचा आयक्यू कोणी मोजायला गेलं तर आकडा लहान येईल. तिचे कान तसेच दुखतात. तीही तशीच टेबलाखाली जाते. आमच्या पोराचं दुखणं आकडा मोठा म्हणून थोर आणि तिचं दुखणं खालच्या पायरीवरचं, असं असेल तर ती जागरूकता माझ्या घरात नको. ताईने हे दोन वर्षांपूर्वीच मला सांगितलं होतं, की लोक आमच्या मुलाचं कौतुक करतात तेव्हा बाजूला बसलेल्या आईकडे माझ्याच्याने बघवत नाही.

बरं, मान्य आहे, चॅप्टर चालवणारे सगळे नोकरी सांभाळून हे करतात, पैसा मिळत नाही, हॉल ओळखीवर मिळतो, ट्यूबलाइट काय कमिटीने लावलेली नाही. आणि हेही मान्य की बझर राउंड लहान पोरांना आवडतो, माझ्या स्वतःच्या मुलीला आवडतो. प्रत्येक हुशार मूल न्यूरोडायव्हर्जंट असतं असंही मी म्हणत नाहीये. पण म्हणून "घरी ठेवा"?

हे सगळं मी बस स्टॉपवर उभी राहून टाइप करत होते, बरंच कडक लिहिलं होतं, कोण काय म्हणालं नावानिशी, ते आता काढून टाकलंय. कारण मधेच एक मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. आमच्यातलेच एक काका, रिटायर्ड इंजिनियर, फार कमी बोलणारे. त्यांनी लिहिलंय, माइकचा मलाही त्रास होतो, आयुष्यभर प्रत्येक मीटिंगला मी उशिरा जाऊन दाराजवळ बसत आलोय, लोकांना वाटतं मला घमेंड आहे, तुमचा भाचा जे ओरडला ते मला चाळीस वर्षं ओरडायचं होतं. मग पुढे, एवढ्या उशिरा तपासणी करून घेण्यात अर्थ आहे का, तुमच्या ओळखीचं कोणी आहे का.

मी तो मेसेज बसमध्ये कितीदा वाचला. त्यांची परवानगी घेऊन इथे लिहितेय. म्हणजे त्या दिवशी त्या हॉलमध्ये माझा भाचा एकटा नव्हता. दाराजवळ एक सत्तरीचा माणूस तेच सोसत बसला होता आणि आम्हाला कोणालाच पत्ता नाही, आणि आम्ही पॅटर्न ओळखण्यात वरच्या २ टक्क्यांतले. अशी किती मोठी माणसं असतील आमच्यात, ज्यांना कोणी कधी विचारलंच नाही. आपल्या लहानपणी हे शब्दच कानावर नव्हते, मूल विक्षिप्त किंवा हट्टी किंवा एकलकोंडं, आणि मार्क चांगले असले की तेही माफ. त्या काकांना आज रात्री फोन करणार आहे. अर्थ आहे काका, नक्की आहे.

पुण्यात आप्पा पेंडशांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली तेव्हा विचार हा होता की हुशारी समाजाच्या कामी यावी. मी त्याच विचारावर वाढलेली आहे, तुमच्यातले बरेच जणही. मग सुरुवात आपल्याच हॉलपासून करूया की. पैसे न लागता करता येईल असं बरंच काही आहे. कार्यक्रम काय, किती वाजता काय, हे दोन दिवस आधी लिहून पाठवा आणि मग बदलू नका. बझरऐवजी हात वर किंवा पाटीवर उत्तर. ज्याला घाईत जमत नाही त्याला घड्याळाशिवायची कोडी. माइक लागतोच कशाला चाळीस माणसांत? शेजारची खोली उघडी ठेवा, दिवा बंद, दोन चटया, कोणीही न विचारता जाऊन बसावं आणि बरं वाटलं की परत यावं, मोठ्यांनीसुद्धा. आणि शाळेसाठी चॅप्टरच्या लेटरहेडवर एक साधं पत्र द्या, की आमचा हा सदस्य बुद्धिमान आहे आणि त्याला लेखनिकाचीही गरज आहे, या दोन गोष्टी एकत्र असतात. ताईसारख्या आईला त्या पत्राचा जेवढा उपयोग होईल तेवढा लॅमिनेट केलेल्या सर्टिफिकेटचा होत नाही.

कमिटीला हे सगळं मी आज मेलवर पाठवलंय. रविवारची मीट ठरल्याप्रमाणे होईल की नाही ते माहीत नाही, पण "घरी ठेवा" हा मेसेज मागे घेतला नाही तर मी त्याच दिवशी त्याच वेळी वेगळी मीट घेणार, मेंबर असो नसो, स्पेशल स्कूलवाली, साध्या शाळेवाली, सगळी मुलं चालतील. ती टॅबलेटवाली मुलगी येणार असं तिच्या आईने आत्ताच कळवलं. मला एक शांत जागा हवीये, तळमजला असला तर उत्तम, शेजारी लग्नाचा हॉल नको. कोणाच्या सोसायटीचं क्लबहाउस, वाचनालयाची खोली, काहीही चालेल. ज्यांच्याकडे माझा नंबर आहे त्यांनी संध्याकाळी सातनंतर फोन करा, दिवसा मी ब्रँचमध्ये असते.