चमचाभर तूप स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही

मराठवाड्यात सप्ताहाच्या दिवसांत भजनी मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणारा, ‘कीर्तनाआधी चमचाभर तूप गिळले की ते स्वरतंतूंवर बसून आवाज मोकळा होतो’ हा संदेश चुकीचा आहे. गिळताना स्वरयंत्राचे झाकण मिटते आणि घास अन्ननलिकेत उतरतो. त्यामुळे तूप, मध किंवा पाणी, काहीही स्वरतंतूंना लागत नाही. घशाला बरे वाटते, एवढेच खरे. दिवसभर थोडेथोडे पाणी पिणे हाच उपाय, आणि लातूर-नांदेडच्या उन्हाळ्यात त्याची हेळसांड मुळीच नको. खरा घात होतो तो रात्री उशिराच्या पंगतीत ठेचा-भाकरीवर ताव मारून लगेच आडवे होण्याने: अनेकांच्या जठरातील आम्ल वर येऊन स्वरयंत्राचा दाह होतो आणि पहाटेच्या काकड्याला आवाज घोगरा लागतो.