एका थेंबात जंतू सापडत नाही

‘स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी बोटातल्या एका थेंबावरून पंधरा मिनिटांत रक्तातला जंतू आणि त्यावरचे औषध सांगणारे छोटे प्रकाशयंत्र बनवले आहे, ते दाबून ठेवून रुग्णालये कल्चरच्या नावाखाली बाटल्या भरून रक्त काढतात आणि तीन दिवस आयसीयूचे बिल लावतात, म्हणून कल्चरला नकार द्या,’ असा संदेश सध्या घराघरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे (कल्चर म्हणजे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत ठेवून त्यातला जंतू वाढवण्याची, आणि तो कोणता व त्यावर कोणते औषध चालते हे पाहण्याची तपासणी). तो माझ्या मामीपर्यंतही पोहोचला, आणि हुडहुडी भरून ताप आलेल्या, रक्तदाब उतरलेल्या मामांचे रक्त घ्यायला आलेल्या नर्सला तिने परत पाठवले. तिची समजूत पटेपर्यंत जो वेळ गेला, त्याचा जाब या संदेशाच्या कर्त्याला कोणी विचारणार नाही, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

यंत्र खरे आहे, हे आधी मान्य करतो. लोझानच्या ईपीएफएल या संस्थेत हातिजे आल्तुग यांच्या प्रयोगशाळेने ते विकसित केले, बार्सिलोनाच्या वाल द’हेब्रॉन रुग्णालयात रुग्णांच्या नमुन्यांवर तपासले, आणि २०२० मध्ये ‘स्मॉल’ या संशोधनपत्रिकेत त्याचा निबंध छापून आला. पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ लागतो, हेही त्यातच आहे. परंतु ते यंत्र जंतू शोधतच नाही. प्रोकॅल्सिटोनिन आणि सीआरपी ही दोन प्रथिने ते मोजते. संसर्ग किंवा दाह झाला की शरीर स्वतःच ती वाढवते. प्रोकॅल्सिटोनिन मिलीलिटरमागे २१.३ पिकोग्रॅम इतके अत्यल्प असले तरी यंत्राला ते दिसते, ही कामगिरी मोठीच आहे. मात्र त्यावरून संसर्ग ई. कोलाय या जंतूचा आहे की क्लेबसिएला या दुसऱ्या जंतूचा, आणि कोणते प्रतिजैविक लागू पडेल, हे कळत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा गंभीर दुखापतीत संसर्ग नसतानाही प्रोकॅल्सिटोनिन वाढू शकते. शिवाय ही चाचणी सीरमवर, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ द्रवावर, केलेली आहे; तेव्हा आधी रक्तातून सीरम वेगळे करणे आले. बोटातला थेंब संदेशकर्त्याच्या पदरचा आहे.

आता त्या ‘बाटल्या भरून’ रक्ताविषयी, कारण खरा घात तिथेच होतो. रक्तात संसर्ग पसरलेल्या प्रौढ रुग्णाच्या एका मिलीलिटर रक्तात जिवंत जंतू बहुधा दहाच्या आतच असतात, आणि अनेकदा एकही नसतो. बोटाला टोचून निघणारा थेंब मिलीलिटरचा साधारण विसावा भाग. मिलीलिटरमागे एक जंतू धरला, तर असे वीस थेंब घ्यावेत तेव्हा कुठे एक जंतू हाती लागण्याची आशा. यंत्र कितीही तल्लख असो, थेंबात जंतूच आला नसेल तर ते तरी काय दाखवणार? म्हणून प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलीलिटर रक्त भरतात. एका जोडीत दोन बाटल्या, एक प्राणवायूवर वाढणाऱ्या जंतूंसाठी, दुसरी त्याविना वाढणाऱ्यांसाठी, आणि अशा दोन जोड्या दोन वेगळ्या जागी टोचून घेतात, कारण त्वचेवरचा एखादा निरुपद्रवी जंतू एकाच जोडीत उगवला तर तो बाहेरून आला असावा, असा अंदाज करता येतो. सगळे मिळून जास्तीत जास्त चाळीस मिलीलिटर होते. रक्तदानात ३५० मिलीलिटर देऊन चहा-बिस्किटे खाऊन घरी येणाऱ्या माणसांनी यावर ओरड करावी, याचे नवल वाटते.

नकाराने नुकसान दुहेरी होते. कल्चर साधारणतः प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेआधी घ्यायचे असते. औषध आधी गेले की जंतू उगवण्याची शक्यता घटते आणि ती संधी पुन्हा येत नाही. सेप्सिसमुळे, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या अनावर प्रतिसादाने अवयव निकामी होऊ लागल्यामुळे, रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला शक्यतो तासाभरात प्रतिजैविक मिळावे, असे ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन’ या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. म्हणजे कल्चरचा अहवाल येईपर्यंत उपचार थांबतात, हा समजही चुकीचा. औषध अंदाजाने लगेच सुरू होते. ते बदलायचे की थांबवायचे, हे पुढे कल्चर सांगते. कार्बापेनेमसारख्या राखीव औषधांनाही न जुमानणारे जंतू आपल्या रुग्णालयांत वाढत असताना, तो अंदाज तपासण्याचे साधन घरच्यांनीच काढून घ्यावे, याला काय म्हणावे?

आयसीयूतल्या तीन दिवसांचे उत्तर थोडक्यात देतो: रुग्णाला तिथे ठेवतात ते रक्तदाब, श्वास आणि लघवीचे प्रमाण सावरेपर्यंत. बिले फुगवली जात नाहीत, असे माझे म्हणणे नाही. पण त्यासाठी बिलाचा तपशील मागावा, कल्चर अडवू नये. कल्चर संथ आहे, ही तक्रार मात्र रास्त आहे. जंतू उगवायला बहुधा एक-दोन दिवस लागतात, काहीच उगवले नाही हे सांगायला सहसा पाच, आणि सेप्सिसच्या कितीतरी रुग्णांत कल्चर कोरेच येते. म्हणून तर जलद चाचण्यांवर एवढे काम चालू आहे.

उरला ‘दाबून ठेवलेल्या’ तंत्राचा आरोप. ज्या यंत्राचा निबंध संशोधकांनी स्वतः छापला आणि ज्याला ते त्यात स्वस्त म्हणतात, ते कोणी दाबले? आणि प्रकाशाचे म्हणाल, तर आजच्या स्वयंचलित कल्चर यंत्रांत बाटलीच्या तळाशी एक संवेदक असतो. जंतू वाढून कार्बन डायऑक्साइड सोडू लागले की त्याचा रंग किंवा चमक बदलते, आणि यंत्र दर काही मिनिटांनी त्यावर प्रकाश टाकून ती वाचते. नर्स मामांकडे घेऊन आली होती त्या बाटल्याही अशाच होत्या.