भुईमुगाच्या ‘अणू’ बियाण्याबद्दल खुलासा

उन्हाळी भुईमुगाची तयारी सुरू झाली की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: ‘टॅग-२४ अणुभट्टीत भाजलेलं आहे, दाण्यात किरणं राहतात, लेकरांना देऊ नका.’ हे खोटं आहे.

टॅग म्हणजे ट्रॉम्बे-अकोला-ग्राउंडनट. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आपलं अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांचं हे वाण १९९१ साली आलं. क्ष-किरण दिले होते ते त्याच्या पूर्वजांच्या बियांना, तेही काही दशकांपूर्वी. पुढे साधा संकर आणि निवड. क्ष-किरण बी बदलतात, बियात मुक्कामाला राहत नाहीत. दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढून आलेला माणूस घरी किरणं सांडत फिरतो का?

खरोखर किरणोत्सारी वस्तू शेतीसंशोधनात वापरतात, ती वेगळी. रसायनशास्त्रज्ञ किरणोत्सारी स्फुरद (फॉस्फरस) वेगळा करून खतात मिसळतात आणि तो मुळातून पानात किती चढला ते यंत्रावर मोजतात. तो साधारण १४ दिवसांत निम्मा होतो. हे काम प्रयोगाच्या कुंड्यांत चालतं. कृषी केंद्राच्या पोत्यात त्यातलं काही नसतं.

दाणा काळा, बुरशी लागलेला असेल तर मात्र खाऊ नका. ती भीती खरी आहे.