४२ नाही अन् ३६ही नाही : फरशीच्या हिशोबावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, पहिल्यांदा वाचून राग आला, खोटं कशाला बोलू, दुसऱ्यांदा वाचली तेव्हा वही काढून बसलो. ज्यांनी मूळ पोस्ट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, नागपुरात मानेवाड्याकडच्या आमच्या घरातल्या बेडरूमचा हिशोब मी मांडला होता, खोली १० फूट ४ इंच बाय १२ फूट ७ इंच, टाईल दोन बाय दोनची, आणि मी लिहिलं होतं की ४२ टाईल्स लागतात, म्हणजे चारच्या ११ पेट्या मागवा. त्यावर तुम्ही म्हणता, "साध्या गोष्टीची पत्रिका मांडून राहिले तुम्ही. लांबी गुणिले रुंदी, भागिले ४, वर १० टक्के, खेळ खतम. १३० चौरस फूट येते, ३३ टाईल्स, १० टक्के धरून ३६, ९ पेट्या. ४२ मध्ये तर बाथरूमही होऊन जाते. मी १५ वर्षं दुकानात बसतो, लोकांचा पैसा काऊन वाया घालवता? अन् वर तुम्ही टाईल ३.८७ चौरस फुटाची म्हणता, खाली स्वतःच ४ नी भागता."

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो कारण तिथे माझ्याकडे बोलायला तोंडच नाही. दोन बाय दोन म्हणून जी विकली जाते ती टाईल ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे २३ इंच ५ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), पूर्ण २४ इंच नाही, त्यामुळे एका टाईलचे ३.८७ फूट भरतात, हे मी वर लिहिलं आणि खाली तक्त्यात सवयीने ४ नी भागून मोकळा झालो. ३.८७ नी भागलं तर १३० फुटाला ३३ नाही, ३४ लागतात. पोस्टमध्ये दुरुस्त केलं आहे.

आता ४२. तेही चुकलंच, पण कसं चुकलं ते सांगतो, कारण ही चूक मी एकटाच करत नाही, माझ्या साळ्याने पण हेच केलं होतं. मी ओळी मोजल्या. टाईल्समधले सांधे धरून लांबीत ६ पूर्ण टाईल्स बसतात आणि पावणेनऊ इंच उरतात, म्हणून ७ धरल्या, रुंदीत ५ पूर्ण बसतात आणि साडेपाच इंच उरतात, म्हणून ६ धरल्या, सात सख्खं बेचाळीस. म्हणजे साडेपाच इंचाच्या तुकड्यासाठीसुद्धा मी एक अख्खी टाईल हिशोबात धरली आणि तिचं बाकीचं अंग कुठे जातं हे विचारलंच नाही.

ते आमच्या मिस्त्रीने विचारलं. त्याने ३० पूर्ण टाईल्स लावल्या आणि कटरला हात लावायच्या आधी सगळ्या कडा टेपने मोजून भिंतीवर पेन्सिलने आकडे लिहून काढले. लांबीच्या टोकाला पावणेनऊ इंचाचे ५ तुकडे हवे होते. एका टाईलमधून तसे दोन निघतात आणि सहा इंचाची पट्टी उरते, आणि रुंदीकडे नेमके साडेपाच इंचाचेच ६ तुकडे हवे होते! म्हणजे पहिल्या दोन टाईल्समधून पावणेनऊचे चार, साडेपाचचे दोन. तिसरीतून पावणेनऊचा राहिलेला एक आणि साडेपाचचे आणखी दोन. चौथीतून साडेपाचचे राहिलेले दोन आणि कोपऱ्याचा एवढासा तुकडा. झाली खोली. ३० आणि ४, ३४. कट केलेला प्रत्येक तुकडा तो मागच्या बाजूला माप लिहून भिंतीला उभा करून ठेवत होता, मोठे इकडे, छोटे तिकडे, आणि मी बाजूला चहा घेऊन उभा राहून मनातल्या मनात माझ्या ४२ ची लाज वाटून घेत होतो. (तरीही पोस्ट तशीच टाकली, कारण ती आधीच लिहून ठेवली होती. आळस, दुसरं काही नाही.)

तर मग तुमचे ३६ बरोबर ना? फरशीपुरते हो, दोन टाईल्स शिलकीत सुद्धा. पण स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावतात ती पट्टी, कुठे आहे भाऊ? खोलीचा घेर ४५ फूट १० इंच, दरवाजाचे ३ फूट वजा केले तर पावणेत्रेचाळीसच्या आसपास. एका टाईलमधून चार इंची, म्हणजे पात्याची जाडी गेल्यावर पावणेचारला थोड्या जास्त, अशा ६ पट्ट्या निघतात, पट्ट्या लागल्या २२, म्हणजे आणखी ४ टाईल्स. ३८ झाल्या. वर एक टाईल दरवाजाच्या चौकटीपाशी एल आकारात कापताना कोपऱ्यातून तडकली, तिथे नेहमीच तडकते म्हणतात. ३९. तुमच्या ९ पेट्यांत ३६ आल्या असत्या आणि मी तीन टाईल्ससाठी परत दुकानाच्या पायऱ्या चढलो असतो. माझ्या ११ पेट्यांत ४४ आल्या. बरोबर उत्तर १० पेट्या होतं, तुमच्या आणि माझ्या मधोमध.

तुम्ही म्हणाल एका पेटीसाठी एवढं रामायण. ठीक आहे, चौकोनी मोठ्या खोलीत तुमचं सूत्र चालून जातं, मी मान्य करतो, हॉलमध्ये तर मस्त चालतं कारण तिथे कडेचे तुकडे एकूण फरशीच्या मानाने थोडे असतात. सूत्र मार खातं ते बोळात. नागपुरातच महाल भागात माझ्या मावशीचं घर आहे, जुन्या पद्धतीचं, अरुंद आणि आत आत जाणारं, त्यात ३ फूट २ इंच रुंद आणि २२ फूट लांब असा बोळ. दुकानदाराने तुमच्याचसारखा मोबाईल काढला, ६९.६७ फूट, भागिले ४ साडेसतरा, १० टक्के धरून वीस, पाच पेट्या, मावशी खूश. ३.८७ नी भागलं असतं तरी वीसच आले असते बरं का, म्हणजे चूक तिथे नव्हती.

आता बोळात उभं राहून पहा. रुंदी ३८ इंच. एक टाईल गेली, उरले सव्वाचौदा इंच, स्कर्टिंगखाली अर्धा इंच लपतो, म्हणजे पावणेचौदाचा तुकडा पाहिजे. टाईल आहे २३ इंच ५ सूत, अर्धी केली तर बारा पण भरत नाही, म्हणजे एका टाईलमधून असा एकच तुकडा निघणार, दोन कधीच नाही, मिस्त्री कितीही हुशार असो. प्रत्येक ओळीला दोन टाईल्स. लांबीत अशा ११ ओळी, म्हणजे २२, शेवटची सव्वातीन इंचाची पट्टी उरलेल्या तुकड्यांतून निघते. बावीस लागणारच, एकही न फुटता. आल्या वीस. दहा टक्के वेस्टेज धरूनही दोन कमी, कारण इथे वेस्टेज दहा टक्के नाहीच, बोळाची रुंदी आणि टाईलचं माप जुळत नाही म्हणून ते जवळजवळ पाव हिस्सा आहे. गंमत म्हणजे तो उरलेला पावणेदहा इंचाचा तुकडा वाया जात नाही, त्यातून स्कर्टिंगच्या दोन पट्ट्या निघतात, ११ तुकड्यांच्या २२ पट्ट्या, त्यातल्या दोन शेवटच्या ओळीत गेल्या तरी वीस उरतात, बोळाच्या दोन्ही बाजूंचं स्कर्टिंग जवळपास फुकटात. बेडरूमला स्कर्टिंगसाठी ४ टाईल्स वेगळ्या घ्याव्या लागल्या आणि इथे एकही नाही! हे तुमचं दहा टक्क्यांचं सूत्र कसं सांगणार?

त्या दोन टाईल्स आणायला तीन आठवड्यांनी गेलो. तेच डिझाईन, तोच नंबर, पण लॉट वेगळा. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली सारख्याच दिसत होत्या, घरी आणून लावल्या तर सकाळी मागच्या दारातून ऊन आलं की त्या दोन पिवळसर दिसतात. मावशीने त्यावर पायपुसणं टाकून ठेवलंय आणि कोणी आलं की ते सरकवून दाखवते, बघा माझ्या भाच्याने केलेलं काम. मोजलं दुकानदाराने, नाव माझं.

म्हणून माझं म्हणणं आता असं आहे, आणि हे पोस्टमध्ये पण टाकलंय. चौफुटावरून टाईल्सचा फक्त अंदाज येतो. खरी संख्या ठरते कापून उरलेल्या तुकड्यावर, तो पुढच्या जागेला पुरतो की नाही यावर. पोरांची गणिताची चौकटीची वही घ्या, खोली काढा, भिंत एकाच ठिकाणी मोजू नका, (आमच्या बेडरूमची समोरची भिंत मोजली तर १२ फूट ५ इंचच भरली, दोन इंचाचा फरक, गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, कोणतीच खोली नसते), मोठं माप धरा, पूर्ण टाईल्स मांडा, मग कडेच्या तुकड्यांची जुळवाजुळव करा. अर्धा तास लागतो. तिरपी डिझाईन असेल तर प्रत्येक कडेला त्रिकोण येतात, तिथे मात्र मी पण वही मिटतो आणि सरळ १५ टक्के धरतो.

एक उलटा प्रश्न, तुम्ही दुकानात बसता म्हणून. पेटीवर छापलेलं असतं १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा फूट. बिल कितीचं लावता? मला तरी आतापर्यंत सगळीकडे १६ फुटांचंच लावलेलं आहे. ५५ रुपये फूट धरा, पेटीमागे साडेसत्तावीस रुपये, दहा पेट्यांचे पावणेतीनशे. मोठी रक्कम नाही, पण लोकांचा पैसा कोण वाया घालवतं हा विषय तुम्हीच काढला. पेटीचा भाव ठरवा, फुटाचा नको, असं मी हल्ली सगळ्यांना सांगतो.

आणि हो, माझी अकरावी पेटी न फोडता तशीच होती, ती दुकानदाराने परत घेतली, घेताना तोंड वाकडं केलं पण घेतली, ऑटोचं भाडं मात्र माझ्या खिशातून गेलं. घ्यायच्या वेळीच हे बोलून ठेवलं होतं म्हणून. दहाव्या पेटीतली एक सुटी उरली ती सध्या कूलरच्या स्टँडखाली आहे, तरी एक पाय हलतोच.