राउटरमागची डबी ओटीपी वाचत नाही

बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. "सावधान! नेट तपासायला म्हणून कुणी तुमच्या राउटरला छोटी डबी लावून दिली असेल, तर आजच काढून टाका," अशी त्याची सुरुवात. पुढे आरोपांची माळ: डबी परदेशी आहे, ती ओटीपी आणि बँकेचे पासवर्ड वाचते, तुमचा डेटा खाते, नेट तिच्यामुळेच मंद होतं, अनोळखी माणसं तुमच्या लाईनवरून वाटेल ते करतात आणि पोलीस तुमच्या दारात येतात, तिच्या रेडिएशनने झोप उडते. शेवटी, "स्पीड टेस्टचं ॲप फुकट असताना डबी हवीच कशाला? कंपनी असल्या आकड्यांना भीक घालत नाही."

मी याच्या नादी लागले नसते. पण हा मेसेज दांडिया बाजारात माझ्या काकूपर्यंत पोचला आणि तिने त्याच रात्री वायर काढली. फोन केला तर म्हणाली, "अगं, माझी पेन्शन त्याच खात्यात येते. उगाच विषाची परीक्षा कशाला?" तिला मी दोष देणार नाही. एकट्या राहणाऱ्या बाईला बँकेतल्या पैशांची भीती घातली तर ती दुसरं काय करणार? राग आहे तो लिहिणाऱ्यावर, म्हणून त्याच आरोपापासून सुरुवात करते.

आधी डबी कुठली ते सांगते. हा राइप ॲटलस या इंटरनेट मोजण्याच्या प्रकल्पाचा प्रोब, म्हणजे मोजमापाचं यंत्र. ॲमस्टरडॅमची राइप एनसीसी ही संस्था युरोप आणि मध्यपूर्वेतल्या देशांना आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांचे नंबर, वाटून देण्याचं काम करते. २०१० पासून ती जगभरच्या स्वयंसेवकांना असे प्रोब देते आणि आज दहा हजारांहून जास्त प्रोब चालू आहेत. तळहातावर मावेल एवढी डबी, एक यूएसबीची वायर विजेसाठी, एक लॅनची वायर राउटरच्या मोकळ्या पोर्टात. बस. ती दिवसभर ठरावीक पत्त्यांना पिंग करते, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा (पॅकेट) पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजते, ट्रेसराउट काढते, म्हणजे वाटेत कुठली यंत्रं लागतात ते बघते, वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस किती वेळात उत्तर देतो ते बघते आणि आकडे संस्थेकडे पाठवून देते.

आता ओटीपी. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो. तो साधारणपणे मोबाइलच्या टॉवरवरून थेट फोनमध्ये उतरतो, घरच्या राउटरमधून जात नाही. जो मेसेज राउटरपर्यंत येत नाही, तो राउटरच्या बाजूला बसलेली डबी वाचणार कशी? नेट बँकिंगचं म्हणाल तर तुमचा ब्राउझर आणि बँक यांच्यातलं सगळं बोलणं कूटबद्ध असतं. शिवाय डबी तुमच्या वाटेत बसलेलीच नाही. काकूचा लॅपटॉप आणि बँक यांच्यामध्ये राउटर आहे आणि कंपनीची लाईन आहे. डबी बाजूच्या पोर्टात आहे, लॅपटॉपची पॅकेट्स राउटर तिच्याकडे पाठवत नाही. बाहेरून कुणी आत यावं म्हणून तिला राउटरमध्ये एकही दार उघडावं लागत नाही. ती स्वतःच बाहेर जोडणी करते. तिच्यातल्या सॉफ्टवेअरचा कोड संस्थेने जाहीर केलेला आहे, ज्याला कळतं त्याने वाचावा.

हं, घरच्या नेटवर्कवरचं कुठलंही उपकरण, त्यातलं सॉफ्टवेअर वाईट असेल तर, उपद्रव करू शकतं. हे खरं आहे. पण मग हा प्रश्न घरातल्या प्रत्येक उपकरणाला विचारा. काकूच्या दारावर बिननावाचा, बिनअपडेटचा वायफाय कॅमेरा आहे, पासवर्ड अजून खोक्यावर छापलेलाच. मला काळजी त्याची वाटते. त्याच्याबद्दल आजवर कुणी सावधान लिहिलेलं मी पाहिलं नाही.

अनोळखी माणसांचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तो कबूल न करता पुढे जाणं बरोबर नाही. राइप ॲटलसची पद्धतच अशी की तुमची डबी चालू राहिली की तुम्हाला क्रेडिट मिळतात आणि ती खर्च करून तुम्ही जगातल्या दुसऱ्यांच्या डब्यांकडून मोजमाप करून घेता. तसंच दुसरे तुमच्या डबीकडून करून घेतात. म्हणजे नैरोबीतला कुणी विद्यार्थी काकूच्या घरातून एखाद्या पत्त्याला पिंग करू शकतो, एखाद्या नावाचा डीएनएस विचारू शकतो. हे डबी घेतानाच स्पष्ट सांगितलेलं असतं, पण आपल्याकडे लावून देणाऱ्यांनी प्रत्येक घरी ते नीट समजावलं असेल असं मला वाटत नाही. समजवायला हवं होतं. मात्र "वाटेल ते" हे खोटं. वाटेल ती वेबसाइट उघडायला लावता येत नाही. वेबपानाची चाचणी फक्त राइप ॲटलसच्याच अँकर नावाच्या यंत्रांकडे जाते. फाइल उतरवणं, मेल पाठवणं, काही अपलोड करणं हे त्या डबीला येतच नाही. नकाशावर तुमचा ठिपका दिसतो, तोही मुद्दाम थोडा सरकवलेला. एवढंही नको असेल त्याने डबी घेऊ नये, तो त्याचा हक्क आहे.

पोलिसांचं तर सोडाच. आपल्या लाईनवर पिंग मोजणं हा गुन्हा असता, तर खुद्द ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामक संस्थेने, २०१६ साली मायस्पीड ॲप काढून लोकांना आपापल्या फोनवरून वेग मोजून पाठवायला सांगितलं नसतं.

रेडिएशन: डबी वायरने चालते, वायफाय वापरत नाही.

डेटा खाते म्हणे. सेकंदाला काही किलोबिट एवढीच तिची भूक. पाच धरले तरी महिन्याला दीड-पावणेदोन जीबी होतात. खरा खादाड मेसेजने सुचवलेल्या पर्यायात आहे. १०० एमबीपीएसच्या लाईनवर स्पीड टेस्टने दहा सेकंद पूर्ण वेगाने डाऊनलोड केलं की १२५ एमबी गेले, अपलोडचे तेवढेच वेगळे. हीच टेस्ट दर तासाला लावली तर महिन्याला १८० जीबी. फायबरवर ते खपून जाईल, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घर चालवणाऱ्याला नाही.

आणि स्पीड टेस्ट दाखवते काय? पुष्कळदा तिचा सर्व्हर तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये बसलेला असतो. तिथपर्यंतचा रस्ता मोकळा असतो, म्हणून काटा शंभरावर जातो. पुढे शहराबाहेर पडताना जिथे गर्दी होते, ती त्यात दिसत नाही. शिवाय टेस्ट आपण करतो ती एखाद्या क्षणी. बडोद्याच्या वाडी भागातल्या आमच्या घरी दुपारी पिंग दहा मिलिसेकंदांच्या आत असतो. रात्री जेवणं उरकून घरोघरी मोबाइल आणि टीव्ही लागले की तो दीडशेच्या वर चढतो, मधली काही पॅकेट्स परत येतच नाहीत, आणि पुण्याच्या भाच्याशी बोलताना त्याचा चेहरा अर्ध्या वाक्यात थिजतो. त्याच वेळी स्पीड टेस्टचा आकडा ठणठणीत. मंद होण्याचं खापर डबीवर फोडणाऱ्याने डबीने काढलेला हा आलेख एकदा बघावा. डबी सकाळी, दुपारी, रात्री साधारण तेवढीच पॅकेट्स पाठवते. बदलते ती पुढची लाईन.

ही डबी घरात का असावी याचं माझ्या लेखी खरं कारण वेगळंच आहे. फोन केला की कस्टमर केअरची मुलगी सांगते, "बेन, राउटर बंद करीने चालू करो." माणूस आला की म्हणतो, तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे, भिंती जाड आहेत, राउटर जुना आहे. आपल्याकडे याला उत्तर नसतं. डबी इतर कामांबरोबर आपोआप पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याला पिंग करत असते. पहिला टप्पा म्हणजे तुमचा राउटर, दुसरा म्हणजे साधारणपणे कंपनीचं पहिलं यंत्र. पहिल्याचा पिंग रात्रभर एक मिलिसेकंदाच्या आसपास आणि दुसऱ्याचा रात्री नऊला आकाशाला भिडलेला, असं दोन रेघांत दिसलं की जाड भिंतीचा विषय तिथेच संपतो. मोजमाप वायरवरचं आहे, वायफाय त्यात आलंच नाही. एका गल्लीतल्या तीन घरांत एकाच वेळी दुसरी रेघ चढली, तर दोष कुठल्याही एका घरातला नाही हेही कळतं. म्हणून एकाच्या डबीपेक्षा शेजाऱ्यांच्या डब्या जास्त कामाच्या, आणि म्हणूनच एका मेसेजने चार वायरी निघाल्या की चौघांचंच नुकसान होतं असं नाही.

"कंपनी भीक घालत नाही" याला माझं उत्तर अमेरिकेतलं आहे, पण पक्कं आहे. तिथल्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या ट्रायसारख्या संस्थेने, २०११ मध्ये हजारो स्वयंसेवकांच्या घरी मोजमापाच्या डब्या ठेवून पहिला जाहीर अहवाल काढला. त्या डब्या वेगही मोजायच्या, घरातलं कुणी नेट वापरत नसेल तेव्हा. गर्दीची वेळ धरली होती संध्याकाळी ७ ते रात्री ११. एक मोठी केबल कंपनी त्या वेळात जाहिरातीतल्या वेगाच्या फक्त ५४ टक्के देताना सापडली. नावानिशी छापून आलं. पुढच्या वर्षीच्या अहवालात तीच कंपनी १२० टक्क्यांवर होती. घरोघरच्या डब्यांच्या आकड्यांवर उभ्या राहिलेल्या त्या अहवालाने जे दाखवलं, ते एकेकट्या ग्राहकाच्या फोनवरच्या तक्रारींतून कधी सिद्ध झालं असतं असं मला वाटत नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवणाऱ्या पॅकेट्सचं प्रमाण, एक टक्क्याच्या आत असावा हे ट्रायच्या सेवा-दर्जाच्या नियमांत आहे. २०२३ पासून २ एमबीपीएसपेक्षा कमी वेगाला ब्रॉडबँड म्हणताच येत नाही. अडतं ते पुराव्यावर.

डबीला मर्यादा आहेत. राइप ॲटलस वेग मोजत नाही, वेळ आणि गळती मोजतो. वीज गेली की डबीही जाते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हासारखी वेळ आली, तर लाईन तुटली की वीज गेली हे तेव्हाच्या तेव्हा तिच्याकडून कळणार नाही. आणि एका घरची रेघ म्हणजे सगळं बडोदं नव्हे.

ज्यांना डबी नकोच, त्यांनी लॅपटॉप लॅनच्या वायरने जोडून दोन खिडक्यांत पिंग चालू ठेवावा, एक राउटरला, एक बाहेरच्या पत्त्याला, आणि रात्री नऊ ते दहाची नोंद फाइलमध्ये जपावी. कंपनीकडे तक्रार करताना डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर त्यानंतर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे थेट लिहून महिना वाया घालवू नका. अपिलासोबत डॉकेट नंबर, तारखा, वेळा आणि त्या दोन रेघा जोडा. डबीवाल्यांना रेघा आयत्या मिळतात. वायर काढली असेल तर परत लावा, राउटरच्या कुठल्याही मोकळ्या लॅन पोर्टात चालते.