‘मोफत’ची पावती

आजचा अख्खा दिवस एका पावतीने खाल्ला.

तळमजल्यावरच्या काकूंनी सकाळी जिन्यातच गाठलं. ‘हे जरा बघ रे, मला हिशेब लागेना.’ हातात तीन कागद. पेपरच्या वर्षाच्या वर्गणीची पावती, एक गुळगुळीत पत्रक आणि काल टीव्हीची छत्री बसवायला आलेल्या माणसाने वहीच्या पानावर खरडलेला हिशेब. पत्रकाचं अर्धं अंग एकाच ओळीने व्यापलेलं: ‘डीटीएच संच मोफत!!’ उद्गारचिन्हं दोन. तळाशी, मुंगीलाही चष्मा लागावा अशा अक्षरात सात ओळी अटी. त्याही इंग्रजीत. पेपर मराठी, जाहिरात मराठी, वाचणारी बाई मराठी, आणि जिथे खिसा कापला जातो तेवढा मजकूर इंग्रजी.

पेपरचं नाव लिहीत नाही, डिश कंपनीचंही नाही. ज्याच्या दारात असा टी-शर्टवाला पोरगा येऊन गेला असेल त्याला कळेलच.

योजना अशी. १,४९९ रुपये भरून वर्षभराचा पेपर घ्या. छत्री, सेटटॉप बॉक्स आणि एका महिन्याचा पॅक मोफत. पाच रुपये अंक धरला तर ३६५ दिवसांचे १,८२५ होतात, म्हणजे वर्गणीतच ३२६ वाचले. (सणांच्या सुट्ट्यांमुळे वर्षातून काही दिवस अंक निघतच नाही, ते कुणी वजा करत नाही.) वर टीव्हीचा संच. काकूंना वाटलं, लॉटरी लागली.

आता वहीचं पान. इन्स्टॉलेशन ३५०. अ‍ॅक्टिव्हेशन १००. जास्तीची केबल २२ मीटर, १५ रुपयांनी ३३०. आणि ‘मोफत’ महिना सुरू व्हायचा तर आधी तीन महिन्यांचं रिचार्ज, ३०० प्रमाणे ९००. एकूण १,६८०. रिचार्ज बाजूला ठेवलं तरी फुकटच्या संचाचे ७८० रुपये. शिवाय योजनेच्या अंकाला पेपरवाला महिन्याला २० रुपये घरपोच शुल्क लावतो, वर्षाचे २४०. गेले ३२६ मधले बहुतेक.

केबलचं गणित मुद्दाम समजून घ्या, फसगत तिथेच जास्त होते. ‘स्टँडर्ड इन्स्टॉलेशन’ म्हणजे बहुतेक ठिकाणी दहा मीटर केबल. काकू तळमजल्यावर, छत्री चौथ्या मजल्याच्या वर गच्चीत. मजल्याला तीन मीटर धरले तरी नुसत्या भिंतीवरून उतरायला पंधरा, मग गच्चीतलं आडवं अंतर, खिडकीतून आत, टीव्हीपर्यंत. तीस-बत्तीस मीटर सहज. म्हणजे तळमजल्यावर राहणाऱ्याला, आणि गुडघ्यांमुळे तळमजला घेतलेली म्हातारी माणसंच जास्त, हा संच कधीच फुकट पडणार नव्हता. फॉर्मवर पत्ता लिहिताना मजला लिहिला होता. तेव्हा नाही बोलता आलं?

इन्स्टॉलेशनला ३५० आणि अ‍ॅक्टिव्हेशनला १०० ही एकेकाळी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, घातलेली कमाल मर्यादा होती. २०२४ मध्ये ती उठली, आता दर कंपनी ठरवते. त्यामुळे ‘सरकारी रेट आहे’ असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजा आणि कंपनीचं छापील दरपत्रक मागा.

आता जे खरं झोंबलं ते. योजना ‘फक्त नव्या वर्गणीदारांसाठी’. काकूंच्या घरी हाच पेपर तीस वर्षं येतोय! काका जाऊन चार वर्षं झाली तरी महिन्याचं बिल त्यांच्याच नावाने. त्या पोराने तोडगा काढला: ‘काकांच्या नावाचा बंद करा, तुमच्या नावाने नवा घ्या.’ म्हणजे तीस वर्षं इमानाने पैसे मोजणारं घर ‘जुनं गिऱ्हाईक’ म्हणून बाद, आणि त्याच घरातली तीच वाचक नाव बदललं की ‘नवी’. पेपरवाल्याला कुणी कळवलंच नाही, त्यामुळे आठ दिवस दारात दोन-दोन अंक पडतायत. एक काकांच्या नावाचा, एक काकूंच्या. काकू दोन्हीतलं शब्दकोडं सोडवतात, म्हणे एकात चुकलं तर दुसरं असतं.

हे का चालतं ते सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता चिडतोय. पेपरच्या खपाचा हिशेब ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था सहामाही करते: जानेवारी ते जून, जुलै ते डिसेंबर. वर्षाची आगाऊ वर्गणी म्हणजे गिऱ्हाईक पुढच्या दोन सहामाह्यांना बांधलेलं. अंकाच्या किमतीत कागदही सुटत नाही, पेपर जगतो जाहिरातीवर आणि जाहिरातीचा दर ठरतो खपावर. म्हणून घर नवीन असण्यापेक्षा फॉर्म नवीन असणं महत्त्वाचं. डिश कंपन्यांचंही तेच. ट्रायच्या आकड्यांत २०२० च्या अखेरीस डीटीएचचे चालू ग्राहक सात कोटींच्या आसपास होते, २०२५ येईपर्यंत ते सहा कोटींच्या खाली आले. मोबाइल आणि ब्रॉडबँडने दोघांचीही गिऱ्हाइकं पळवली. मग एकाने दुसऱ्याचा हात धरला. साहेबाच्या देशात तर हे घरातल्या घरातच होतं: १९८९ मध्ये स्काय टीव्ही सुरू झाला तेव्हा ‘द सन’ आणि ‘द टाइम्स’ हे पेपरही त्याच्याच मालकाचे, रूपर्ट मर्डॉकचे. तिथे निदान मालक कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडे काकूंनी दार उघडलं ते डिश कंपनीसाठी नाही. टी-शर्टवर पेपरचं नाव होतं म्हणून. डिशवाला नुसता आला असता तर साखळी लावूनच ‘नको’ म्हणाल्या असत्या. तीस वर्षांच्या विश्वासावर पेपरने दुसऱ्याचा माल विकला आणि अटींची जबाबदारी ‘संबंधित कंपनीची’ असं सातव्या ओळीत लिहून हात झटकले. रोज पहिल्या पानावर दुसऱ्यांना जाब विचारणारे हेच!

आणि कायदा नाही असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते दिलंय. एखादी वस्तू फुकट देतोय असा आभास निर्माण करायचा आणि तिची पूर्ण किंवा काही किंमत एकूण व्यवहारात वसूल करायची, हे त्यात आहे. जून २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वं आणखी स्पष्ट आहेत. प्रतिसाद कळवण्याचा आणि वस्तू आणण्या-पोहोचवण्याचा अपरिहार्य खर्च सोडून ग्राहकाला काहीही भरावं लागत असेल तर ‘मोफत’ म्हणायचं नाही. आणि खुलाशाची भाषा दाव्याचीच हवी, अक्षरही तेच हवं. मराठीत ‘मोफत’ म्हणालात तर ‘तीन महिन्यांचं रिचार्ज आवश्यक’ हेही मराठीतच, तेवढ्याच ठळकपणे. त्या पत्रकाने एका पानात दोन्ही मोडलं.

बरं, मान्य. वरच्या मजल्यावर राहणारा, नवा संच हवाच असलेला, सगळ्या अटी वाचून सही करणारा माणूस असेल तर त्याचे चार पैसे सुटतही असतील. असा माणूस मला दाखवा.

अशी योजना घेतलीच असेल, तर निदान छत्री बसवताना समोर उभे राहा. उपग्रह कंपनीप्रमाणे वेगळा. टाटा प्लेचा ८३ अंश पूर्वेला, एअरटेलचा १०८.२ अंशांवर. पुण्यातून पहिला दक्षिणेकडून थोडा पूर्वेला, क्षितिजापासून साधारण ६६ अंश वर दिसतो. दुसरा बराच पूर्वेकडे आणि जेमतेम ४५ अंशांवर. म्हणून गच्चीतली जुनी छत्री ‘आहेच की’ म्हणून चालत नाही, ती नव्याने फिरवावी लागते. आणि ४५ अंशांच्या उपग्रहाला एक सोपी कसोटी: छत्री बघते त्या दिशेची इमारत जितके मीटर लांब, तितकेच मीटर आपल्या गच्चीच्या वर उंच असेल, तर ती आडवी येणार. बांधकाम चालू असेल तर आज चित्र येतं म्हणून खूश होऊ नका. आंब्याच्या झाडालाही तोच नियम, झाडं वाढतात.

टीव्हीवर सिग्नलचे दोन पट्टे दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. घाईतला माणूस स्ट्रेंग्थ दाखवून निघतो. बघायची ती क्वालिटी. कोरड्या आभाळात ती काठावर असेल तर जूनमध्ये पडदा काळा होणार हे लिहून ठेवा. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, जोराच्या पावसाचे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. मुसळधार पावसात दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणं कुणी टाळू शकत नाही, पण रिमझिम पावसातही जात असेल तर छत्री नीट लागलेली नाही.

केबल आरजी-६ जातीची हवी आणि मधे एकही जोड नको. उरलेले तुकडे जोडून त्यावर काळी टेप गुंडाळायची ही खास सवय आहे. पहिल्या पावसात पाणी शिरतं, तांब्यावर हिरवट गंज चढतो, आणि दोष ‘उपग्रहाचा’ ठरतो. एलएनबीला (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) केबल जिथे जोडतात त्या एफ-कनेक्टरवर रबरी टोपी हवी. खिडकीतून आत येण्याआधी केबलला खाली एक झोल द्यायला सांगा, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, भिंतीत उतरणार नाही. छत्रीचं बूड चार अँकर बोल्टांनी काँक्रीटवर. सिंटेक्सच्या टाकीशेजारी विटा रचून नाही. गच्चीत छत्री लावायला सोसायटीची परवानगी लागते, तीही त्या पोराने सांगितली नव्हती.

कागदाचं सांगतो. बॉक्स विकत मिळालाय की भाड्याने, हे पावतीवर लिहून घ्या. भाड्याचा असेल तर कनेक्शन बंद करताना तो परत मागतात, न दिल्यास पैसे लावतात. खात्याला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते त्याच दिवशी तपासा. काकूंनी ओटीपी त्या पोराला वाचून दाखवला होता. असं करताना कधी कधी नंबरही विकणाऱ्याचाच पडतो आणि मग तक्रार नोंदवायला गेलं की आपणच परके. आणि पॅक आंधळेपणाने घेऊ नका. नेटवर्क कपॅसिटी फीची (वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याचं महिन्याचं शुल्क) जुनी कमाल मर्यादा, १३० अधिक १८ टक्के जीएसटी, धरली तर १५३.४०. काकू बघतात चार वाहिन्या. गुच्छात, म्हणजे एकत्र विकायच्या वाहिन्यांत, घालायच्या वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर नसते. चारही कमाल दराच्या धरल्या तरी ७६, जीएसटीसह ८९.६८. एकूण २४३.०८. मग ३०० च्या पॅकमध्ये काकू कुणाचं क्रिकेट बघणार होत्या?

एवढं लिहून राग जरा उतरला, तर तो पोरगा आठवतोय. काकूंनी त्याला पाणी दिलं, बेसनाचा लाडू दिला. ऊन मरणाचं होतं, म्हणाल्या. त्याला फॉर्ममागे पैसे मिळतात आणि आकडा गाठला नाही तर उद्या बोलावत नाहीत. अटी त्यानेही वाचलेल्या नसणार, त्याच्या हातातही तेच गुळगुळीत पत्रक. पेपरवाल्याचे हालही वेगळे नाहीत. योजनेत रोख बिल जातं, कुपनं येतात, ती जमवून डेपोत भरायची आणि नावं जुळवत बसायचं. पहाटे चारला पुरवण्या भरायला बसलेल्या माणसाने घरोघरी नाव बदलल्याचा हिशेबही ठेवायचा.

पण मग कुणाला बोलायचं? ज्याने पत्रक छापलं त्याला. म्हणून आज काकूंनी तीन गोष्टी केल्या. पेपरच्या वितरण विभागाला लेखी कळवलं की एक अंक बंद करा आणि ‘मोफत’ लिहिलंय तसं द्या, नाहीतर वर्गणी परत करा. तेच पत्र डिश कंपनीच्या तक्रार विभागाला. आणि १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, पत्रक, पावती आणि वहीच्या पानाच्या फोटोंसह तक्रार. वहीचं पान जपून ठेवा मंडळी, पक्की बिलं सगळे ठेवतात, केस उभी राहते ती असल्या कागदावर. तक्रारीत त्या पोराचं नाव घालायचं नाही असं काकूंनी मला दोनदा बजावलं.

बॉक्स अजून खोक्यातच आहे, दिवाणाखाली.

ता.क. संध्याकाळी पेपरवाला येऊन गेला. जुना अंक उद्यापासून बंद. आठ दिवस जे दोन-दोन टाकले त्यातल्या जास्तीच्या आठांचे ४० रुपये नकोत म्हणाला. काकू ऐकेनात. शेवटी त्याने २० घेतले, आणि निघताना विचारलं, बिलावर यापुढे नाव कुणाचं लिहू? काकू म्हणाल्या, ह्यांचंच राहू दे.